‘भाऊबीज’ही पाहायला हवा

सुट्टीत घरी बसून पाहावा असा जुना मराठी चित्रपट म्हणजे फक्त ‘श्यामची आई’, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचं म्हणणं अपुरं आहे. अत्र्यांच्या त्या चित्रपटाला १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्याच्या थोरवीबद्दल वाद नाहीच.

पण १९५२ चा ‘लाखाची गोष्ट’? ठरल्या मुदतीत लाख रुपये उधळायची अट, राजा परांजपे, गदिमा आणि सुधीर फडके यांचं त्रिकूट! आजही मुलं खिळून बसतील. आणि १९५५ चा ‘भाऊबीज’: आशा भोसले यांनी गायलेलं त्यातलं ओवाळणीचं गाणं दर दिवाळीत ऐकू येतं, चित्रपट मात्र क्वचितच कुणी पाहिलेला असतो.

 जालना जिल्ह्यातल्या शाळा-वाचनालयांनी दिवाळीत हे चित्रपट दाखवावेत.

— एक वाचक, अंबड (जि. जालना)