होमर आणि नकलेचा खटला

होमरचे नाव निघाले की परप्रांतांतील आपल्या मराठी मंडळांतून हटकून एकच वाद उभा राहतो : कोणी कोणाचे घेतले? गणेशोत्सवातील व्याख्याते सांगतात की हेलन म्हणजे सीता, ट्रॉय म्हणजे लंका, अकिलीस म्हणजे कर्ण, आणि हे सारे ग्रीकांनी आपल्याकडून उचलले. टाळ्या पडतात. मागच्या खुर्चीवरचे एखादे इंग्रजी वाचणारे गृहस्थ नापसंतीने मान हलवतात आणि घरी जाताना सोबत्याला म्हणतात की खरा माणूस रंगवावा तो ग्रीकांनीच. आपल्याकडे सगळे देव आणि उपदेश. या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. मात्र दोघांनीही 'इलियड' शेवटपर्यंत वाचलेले नसते, एवढ्यापुरते त्यांचे पूर्ण ऐक्य आहे.

हा खटला जुना आहे, आणि त्यात आपल्याच एका माणसाने एकदा चोख जबाब दिलेला आहे. १८७० मध्ये आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने असे मत मांडले की सीताहरण आणि लंकेवरील स्वारी यांच्यामागे होमरच्या कथेची ओळख असावी. त्याला काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८७३ साली उत्तर दिले. तेव्हा त्यांचे वय तेवीसच्या आतबाहेर. हायकोर्टाचे न्यायमूर्तिपद अजून पुष्कळ दूर होते. तेलंगांनी संस्कृतीच्या नावाने गळा काढला नाही. त्यांनी वेबरचा एकेक पुरावा हाती घेतला आणि तो किती वजनाचा आहे ते दाखवले. साम्य दिसले एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही, हे त्या उत्तराचे मर्म. आज आपल्या व्यासपीठांवरून वेबरचेच अनुमान तोंड फिरवून खपवले जाते, आणि ते तेलंगांच्या वारसांकडून, याची खंत कोणाला वाटत नाही.

मी कारकून आहे. मूळ कागद कोणता आणि नक्कल कोणती हे पाहण्यात माझा दिवस जातो. नकलेवर तारीख लागते, सही लागते, कोणत्या दप्तरातून निघाली याची नोंद लागते. होमरवर अशी नोंद कोणी दाखवलेली नाही. शिवाय ज्या काव्यपरंपरा लेखणीआधी कंठात वाढल्या त्यांना 'मूळ' आणि 'नक्कल' हे शब्दच अपुरे पडतात. मिल्मन पॅरी या अमेरिकन विद्वानाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील लोकगायकांची वीरगीते ध्वनिमुद्रित केली, आणि ठरीव शब्दबंधांच्या बळावर गायक प्रत्येक वेळी काव्य नव्याने कसे उभे करतो ते त्यांवरून दिसून आले. संस्कृत आणि ग्रीक या एका कुळातल्या भाषा. 'अक्षय कीर्ती' या अर्थाचा शब्दबंध ऋग्वेदात आणि होमरमध्ये एकाच घडणीचा आहे, हे आडालबेर्ट कून यांनी १८५३ मध्येच नजरेस आणले होते. चुलत भावांचे नाक सारखे निघाले म्हणून कोणी चोरीची फिर्याद गुदरीत नाही.

पण माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे. या वादाच्या गलबल्यात 'इलियड' कशाविषयी आहे हेच आपण विसरलो. चोवीस सर्ग, पंधरा हजारांहून अधिक ओळी. त्यांत लाकडी घोडा नाही, ट्रॉयचा पाडाव नाही, अकिलीसचा मृत्यूही नाही. काव्य संपते ते हेक्टरच्या दहनापाशी. माझी नेमणूक काशीत आहे, आणि ज्याने मणिकर्णिकेवर एखादी संध्याकाळ काढली आहे त्याला या शेवटाचे नवल वाटणार नाही. अहल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेला हा घाट. नावांतून उतरवलेल्या लाकडांच्या राशी, तराजूवर होणारे त्यांचे वजन, डोमाच्या हातून घ्यावा लागणारा अग्नी. आणि शेवटी डाव्या खांद्यावरून मागे घडा टाकून, वळून न पाहता पायऱ्या चढणारा मुलगा. मेलेल्याला अग्नी मिळाला पाहिजे, यापलीकडे त्या जागी दुसरी कोणतीच गोष्ट महत्त्वाची राहत नाही.

होमर त्याच जागी उभा आहे. सातव्या सर्गात प्रेते जाळण्यापुरते युद्ध थांबते. रक्तामातीने माखलेले मढे कोणाचे हे ओळखू येत नाही. पाण्याने धुऊन मग ते गाड्यांवर चढवतात. मोठ्याने रडायला प्रायमने मनाई केलेली, म्हणून ट्रॉयची माणसे मुक्याने चिता रचतात. तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसची छाया अकिलीसला विनवते की मला लवकर अग्नी दे, त्यावाचून मृतांचे आत्मे मला नदीपलीकडे येऊ देत नाहीत. शंभर फूट लांबरुंद चिता रचली जाते, ती पेटत नाही, वाऱ्यांची प्रार्थना करावी लागते. सकाळी मद्य शिंपून निखारे विझवतात आणि अस्थी वेचून सोन्याच्या पात्रात ठेवतात. त्याच चितेपुढे अकिलीस बारा ट्रोजन तरुणांची कत्तल करतो, आणि कवी त्या कृत्याला दुष्ट म्हणायला कचरत नाही. व्याख्यात्यांचा 'शौर्याचा पुतळा' तो हाच. हेक्टरने मरताना मागितले ते एवढेच की माझा देह घरच्यांना परत दे. अकिलीसने तो रथाला बांधून फरफटत नेला. त्याचे वीरपण तिथे सरते. ते त्याला परत मिळते चोविसाव्या सर्गात, म्हातारा प्रायम रात्री त्याच्या तळावर येऊन मुलाला मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो तेव्हा. मग अकिलीस विचारतो, क्रियाकर्माला किती दिवस लागतील? प्रायम मोजून सांगतो : नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी त्यावर मातीचा ढीग, आणि प्राप्तच असेल तर बाराव्या दिवशी लढू. दहावा, अकरावा, बारावा. (कृपा करून यावरून कोणी नवा दावा दाखल करू नये.)

यावर अध्यात्मवादी म्हणतील की ग्रीकांकडे मोक्ष कोठे आहे? नाही, खरोखरच नाही. मणिकर्णिकेवर प्रत्यक्ष शंकर कानात तारक मंत्र सांगतो अशी श्रद्धा आहे; होमरच्या मृतांच्या कानात कोणी काही सांगत नाही. 'ओडिसी'त मेलेला अकिलीस म्हणतो की सगळ्या मृतांचा राजा होण्यापेक्षा गरिबाघरी मोलाने राबणे पत्करले. पलीकडे काही मिळणार नाही हे ठाऊक असून दोन शत्रू समोरासमोर बसून रडतात. त्या रडण्याला उणे कसे म्हणावे, हे मला कळत नाही. आणि मागच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी स्त्रीपर्व उघडावे. ज्यांना कोणी वाली नाही अशा परक्या मुलखांतल्या प्रेतांनाही युधिष्ठिर अग्नी देववितो, मोडक्या रथांची लाकडे चितांना लागतात, आणि गंगेवर तिलांजलीच्या वेळी कुंती तोंड उघडते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. याहून अधिक माणूस ग्रीकांनी तरी कोठे रंगवला आहे?

आपल्याला तर इतके दूर जायचेही कारण नाही. १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ उलटल्यावर पानिपतावर काय झाले, याची हकीकत शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडित या दक्षिणी ब्राह्मणाने फारसीत लिहून ठेवली आहे. लेखणीवर पोट भरणारा, परमुलखात परक्याची चाकरी करणारा माणूस. आपल्यापैकीच म्हणा ना. विश्वासरावांच्या देहात पेंढा भरून तो काबूलला न्यावा असा दुराण्यांचा हट्ट होता. शुजाने रदबदली करून तो दहनासाठी सोडवला. भाऊसाहेबांचे म्हणून मिळालेले धड शिरावाचून होते; ते अंगावरच्या खुणांवरून ओळखावे लागले. तरी पुण्यात सर्वांची खात्री पटली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही, भाऊसाहेबांच्या नावाचा तोतया उभा राहिला, माणसे त्याच्यामागे गेली, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाई त्या एका न पाहिलेल्या चितेपायी हैराण झाली. प्रायम अंधारातून शत्रूच्या तळावर का गेला, हे मराठी माणसाला टीपा लावून समजावण्याची गरज पडू नये.

तेव्हा मंडळांच्या चिटणीसांना माझी एक विनंती आहे. येत्या उत्सवात एक रात्र व्याख्यान ठेवू नका. 'इलियड'चा चोविसावा सर्ग मराठीत करून कोणीतरी मोठ्याने वाचावा. आठशेच ओळी आहेत, दीड तासात होईल. नंतर काशिराजाच्या हकीकतीतली शेवटची पाने वाचावी. त्यानंतरही ट्रॉय हा कोणत्या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश ते सांगायला कोणी उठलेच, तर मी बसून ऐकून घेईन.