दवाखान्याच्या दारी चित्रक असावा

चित्रकाचे नाव लिहावे लागले नाही असा दिवस आपणा वैद्यांच्या जीवनात क्वचितच उगवतो. मंदाग्नी, अर्श, ग्रहणी, जीर्ण प्रतिश्याय अशा कितीतरी व्याधींत चित्रकादी वटी, पंचकोल, चित्रक हरीतकी या कल्पांच्या रूपाने तो आपल्या चिकित्सेत नित्य असतो. चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात दीपन-पाचन करणाऱ्या व गुदशोथ, अर्श आणि शूल यांचे हरण करणाऱ्या द्रव्यांत चित्रकमुळास श्रेष्ठत्व दिले आहे. असे असता गेल्या वर्षभरात चित्रकाचे जिवंत रोप आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? पदवी घेतल्यानंतर कित्येक वर्षे आमचा परिचय बरणीतील चूर्णापुरताच होता, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

या अपरिचयाचे परिणाम लहान नाहीत. आपल्याकडे प्रचारात आहे तो श्वेत चित्रक; केरळात मात्र वैद्य प्रामुख्याने रक्त चित्रक वापरतात. रोपवाटिकेत 'प्लंबॅगो' या नावाने मिळणारी निळ्या फुलांची वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेतील असून ती शोभेची आहे. एकदा दळून चूर्ण झाल्यावर यांतील भेद डोळ्यांनी ओळखणे अशक्यप्राय होते. ताजे मूळ फिकट पिवळसर असते, ते वाळल्यावर तांबूस तपकिरी होते. ही साधी खूणही ज्याने मूळ स्वतः उपटून पाहिले आहे त्याच्याच ध्यानात राहते.

म्हणून आमचे मत असे की, प्रत्येक वैद्याने दवाखान्याच्या दारी चित्रकाचे निदान एक रोप लावावे. त्यासाठी शेतजमीन नको. एक मोठी कुंडी पुरे. पावसाळ्याच्या आरंभी तीन-चार डोळ्यांची, वीतभर लांबीची पक्व फांदी निचऱ्याच्या मातीत लावावी. ऊन असो वा विरळ सावली, चित्रक तक्रार करीत नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा पाणी दिले तरी कुंडीतील रोप तग धरते. त्याला सोसत नाही ते साचलेले पाणी. पावसाळा सरता सरता पांढऱ्या फुलांचे तुरे येऊ लागतात. फुलांखालील निदलपुंज चिकट असतो, तो कपड्यास चिकटला की ओळख पक्की होते. बहर ओसरल्यावर फांद्या छाटाव्यात, म्हणजे झुडूप पुन्हा दाट फुटते. मुळे घेण्यास एक ते दीड वर्ष थांबावे. मुळे ग्रीष्म वा शिशिर ऋतूत घ्यावीत, असे चरकसंहितेच्या कल्पस्थानात सांगितलेच आहे.

एका कुंडीतून वर्षभराचे औषध निघणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु घरच्या मुळाचे तुकडे चुन्याच्या निवळीत टाकून पाहावेत. निवळी बघता बघता तांबडी होते. शोधन का करावयाचे, हे त्या क्षणी जितके समजते तितके ग्रंथ वाचून आम्हांस समजले नव्हते.

येथे आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगणे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी संधिवाताच्या एका वृद्ध रुग्णास आम्ही कौतुकाने चित्रकाचे रोप दिले. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी ताजे मूळ वाटून गुडघ्यावर जाड लेप बांधला आणि तो रात्रभर तसाच ठेवला. सकाळी मोठाले फोड आले. जखम भरून येण्यास तीन आठवडे लागले. त्यांनी आम्हांस बोल लावला नाही. उलट आपलेच चुकले म्हणाले. परंतु रोप हाती देताना त्याची तीक्ष्णता सांगण्याचे राहिले, हा दोष सर्वस्वी आमचाच होता. ज्या द्रव्याची पर्यायनामे शास्त्रकारांनी अग्नीचीच योजिली, ते तुळशीप्रमाणे वाटावयाचे नसते.

तेव्हापासून आमच्या कुंडीवर नावाची पाटी आहे आणि तिच्याखाली दोन ओळी आहेत: 'मूळ कच्चे वापरू नये. गर्भिणीने सर्वथा वर्ज्य करावे.' रोप आम्ही आता रुग्णास देत नाही, केवळ वैद्यांना व विद्यार्थ्यांना देतो. रुग्ण मात्र पाटी वाचून प्रश्न विचारतात, आणि 'आयुर्वेदिक औषधांचा अपाय होतच नाही' या गैरसमजाचे निराकरण करण्याची संधी आम्हांस अनायासे मिळते.

आयुर्वेद महाविद्यालयांस वनौषधी उद्यान राखणे बंधनकारक आहे. वैद्यास पदवीनंतर असे कोणतेच बंधन नाही. ते त्याने स्वतःच घालून घ्यावे, इतकीच आमची नम्र सूचना आहे. येत्या पावसाळ्यात आपापल्या शाखेच्या पहिल्या सभेस ज्यांच्याकडे चित्रक आहे त्यांनी चार-चार फांद्या आणाव्यात, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी त्या घेऊन जाव्यात.