नदीतील औषधे आणि गळालेली मर्यादा

पेण तालुक्यातील हमरापूरच्या कारखान्यांत गणेशमूर्तीवर जो पांढरा हात दिला जातो, त्या रंगात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असते. रंगासाठी वापरताना या भुकटीच्या कणांवर लेप देऊन तिचा एक गुण दाबून टाकतात. तो गुण १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी संशोधकांनी जगापुढे आणला. प्रकाश पडताच हा पदार्थ पाण्याचे विघटन घडवतो. पुढे दिसून आले की, पाण्यातील प्रतिजैविकांचे रेणूही तो तोडू शकतो.

अडचणी आहेतच. सूर्यप्रकाशातील जेमतेम चार-पाच टक्के अतिनील किरणच त्याच्या कामी येतात. म्हणून दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या कार्बन नायट्राइडसारख्या पदार्थांवर संशोधन चालू आहे. गढूळ पाण्यात प्रकाश शिरत नाही, आणि रेणू अर्धवट तुटल्यास मागे काय उरले हेही तपासावे लागते. तेव्हा हा उपाय नदीत नव्हे, कारखान्याच्या मोरीपाशीच करावयाचा आहे.

तो तेथे होत का नाही, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नसून अर्थशास्त्राचा आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. हे प्रमाण उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील प्रमाणाहून अधिक! अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात. त्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबवहीत कोठेच दिसत नाही. तो पडतो रुग्णाच्या माथी.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा उरल्या नाहीत. त्याच २०२० साली मूर्तिविसर्जनाच्या मार्गदर्शक सूचनाही सुधारल्या गेल्या. हमरापूरच्या मूर्तिकाराने प्लॅस्टर टाळावे, विषारी रंग वापरू नयेत, हे त्यास स्पष्ट बजावण्यात आले. ते गैर होते असे नव्हे. परंतु लहान कारागिराला जो नियम, तो मोठ्या औषध कारखानदाराला का नसावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. सरकारी रुग्णालयांसाठी औषधे शासनच खरेदी करते. निविदेतच सांडपाणी तपासणीची अट घालण्यास दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. गोळीची किंमत थोडी वाढेल, ती वाढावीच.