पतधोरणाचा तास

बारावीला अर्थशास्त्रात उत्तम गुण मिळवून पदवीच्या वर्गात आलेला एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी वडिलांच्या नावे आलेले बँकेचे पत्र घेऊन माझ्याकडे आला. घरासाठी काढलेल्या कर्जाचा व्याजदर वाढला असल्याने हप्ता तोच ठेवून कर्जफेडीची मुदत वाढविण्यात येत आहे, एवढाच त्या पत्राचा मतलब होता. परंतु घरात त्यावरून दोन दिवस चिंता पसरली होती आणि मुलाचा प्रश्न सरळ होता. ‘सर, आम्ही एकही हप्ता चुकवला नाही, मग बँकेनं दंड का लावला?’ रिझर्व्ह बँक ज्या दराने अन्य बँकांना सरकारी रोख्यांच्या तारणावर अल्प मुदतीसाठी पैसा पुरविते त्या दरास रेपो दर म्हणतात, ही व्याख्या त्याला मुखोद्गत होती, रोख राखीव प्रमाण आणि वैधानिक रोखता प्रमाण यांतील भेदाचे चार मुद्दे तो झोपेतही सांगू शकला असता. मात्र ती व्याख्या आणि आपल्या हातातले पत्र यांचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंकादेखील त्याला शिवली नव्हती. त्याला शिकविणारे आम्हीच होतो, तेव्हा हा दोष कोणाच्या पदरी घालावा याविषयी मला संदेह नाही.

पतधोरण हा मुळात एक निवाडा असतो. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन जी पतधोरण समिती अस्तित्वात आली, तिच्यात तीन सदस्य बँकेचे आणि तीन केंद्र सरकारने नेमलेले असतात. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे जादा मत निर्णायक ठरते. किरकोळ महागाई चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोनहून कमी नाही आणि सहाहून अधिक नाही अशी, राखण्याची जबाबदारी या सहाजणांवर टाकलेली आहे, आणि सलग तीन तिमाह्या ती मर्यादा सांभाळता आली नाही तर त्याची लेखी कैफियत बँकेने सरकारला सादर करावी, असे कायदाच सांगतो. अपुऱ्या माहितीच्या आधारे, चुकण्याची जोखीम पत्करून, देशातील प्रत्येक कर्जदाराच्या आणि ठेवीदाराच्या संसाराला स्पर्श करणारा निर्णय दर दोन महिन्यांनी द्यायचा, असे हे काम आहे. तेच पाठ्यपुस्तकात उतरते तेव्हा त्यातला निवाडा गळून पडतो आणि साधनांची यादी तेवढी उरते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, हा विषय शिकवावा तो निर्णयाच्या दिवशीच, आणि शक्यतो निर्णय जाहीर होण्याच्या आधी, विद्यार्थ्याला स्वतःचा निवाडा कारणासह लिहून द्यायला लावून.

मी हे प्रथम मनापासून केले ते १० ऑगस्ट २०२३ रोजी. सकाळी दहा वाजता गव्हर्नर शक्तिकांत दास निर्णय जाहीर करणार होते आणि माझा तास साडेआठचा होता. फळ्यावर मी तीनच गोष्टी लिहिल्या: रेपो दर ६.५० टक्के, हाती आलेला शेवटचा म्हणजे जूनचा महागाईचा दर ४.८१ टक्के, आणि मंडईतला टोमॅटोचा भाव, जो मुलांनीच दीडशे रुपये किलो असा सांगितला. जुलैचा आकडा चार दिवसांनी येणार होता. तो समितीपुढेही नव्हता आणि आमच्यापुढेही नव्हता. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर दर वाढवावा, घटवावा की आहे तसा ठेवावा हे कारणासह लिहायचे, आणि चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात टाकायच्या, एवढेच ठरले होते.

बहुतेकांनी दर वाढवावा असे लिहिले, कारण भाव चढले की व्याज चढवावे असे पुस्तकात आहे. जुन्नर तालुक्यातील टोमॅटो पिकविणाऱ्या घरातून आलेली एक मुलगी मात्र चिठ्ठी हातातच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, व्याज वाढवल्यानं टोमॅटो लवकर पिकणार आहे का?’ उन्हाळ्यात भाव पडले म्हणून लोकांनी बागा सोडून दिल्या, नवी लागवड कमी झाली, रोप लावल्यापासून तोड्यापर्यंत दोन-अडीच महिने जातात, तेव्हा आजचा भाव हा मे महिन्यात ठरलेला भाव आहे, हे तिने इतक्या स्वच्छपणे सांगितले की, पुरवठ्यातून उद्भवणाऱ्या भाववाढीवर मी आजवर जी व्याख्याने दिली होती ती मला एकाएकी फिकी वाटू लागली. वर्ग तिच्या बाजूने झुकत होता, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांची खानावळ आहे. ‘टोमॅटो महागला म्हणून बाबांनी थाळी दहा रुपयांनी वाढवली,’ तो म्हणाला, ‘आणि उद्या टोमॅटो स्वस्त झाला तरी ते थाळी काही कमी करणार नाहीत.’

पतधोरणातील अत्यंत अवघड वाद त्या दोन मुलांनी, कोणतीही परिभाषा न वापरता, दहा मिनिटांत मांडून दाखविला होता. भाजीची महागाई ही पावसापाण्याची आहे, ती येते तशी जाते, तिच्यामागे व्याजदर धावविण्यात अर्थ नाही, ही एक बाजू. ती थाळीच्या दरात, रिक्षाच्या भाड्यात, मजुरीच्या मागणीत आणि अखेरीस लोकांच्या अपेक्षेत मुरली तर मग ती भाजीची राहत नाही, ही दुसरी. त्या दिवशी समितीच्या सहाही सदस्यांनी दर ६.५० टक्क्यांवर कायम ठेवला, आणि त्यामागची भूमिकाही हीच होती की, भाज्यांचा धक्का लवकर ओसरण्याचा संभव आहे, परंतु तो सर्वत्र पसरू लागला तर स्वस्थ बसता येणार नाही. मुलीच्या आणि मुलाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद मी पाहिला तो गुणपत्रिका वाटताना मला क्वचितच दिसला आहे.

त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती, जिच्यामुळे रोख राखीव प्रमाण हा शब्द माझ्या वर्गात प्रथमच जिवंत झाला. १९ मे २०२३ रोजी दोन हजारांच्या नोटा चलनातून काढून घेण्याचे जाहीर झाल्यावर घरोघरच्या त्या नोटा बँकांत जमा झाल्या आणि बँकांपाशी रोकड फुगली. तेव्हा १९ मे ते २८ जुलै या काळात ठेवींत जी वाढ झाली तिच्या दहा टक्के रक्कम नेहमीच्या प्रमाणाव्यतिरिक्त रिझर्व्ह बँकेत ठेवावी, असा हुकूम झाला. आईच्या कपाटातल्या साडीच्या घडीतून निघालेली नोट बँकेत भरायला जी मुले स्वतः गेली होती, त्यांना त्या नोटेचा पुढचा प्रवास आता दिसत होता.

चार दिवसांनी जुलैची महागाई ७.४४ टक्के असल्याचे जाहीर झाले आणि वर्गात खळबळ उडाली: समिती चुकली काय? मी उत्तर दिले नाही, थांबायला सांगितले. सप्टेंबरचा आकडा ५.०२ टक्क्यांवर उतरला. तोवर टोमॅटोचे भाव असे कोसळले होते की, जुन्नरच्या त्या मुलीच्या घरी तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. दरम्यान केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले आणि लासलगावचे लिलाव बंद पडले. तेव्हा भाव उतरविण्याचे काम रिझर्व्ह बँक करते त्याचा भार कोणावर पडतो आणि सरकार करते त्याचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न मुलांनीच काढला आणि त्यावर दोन तास खर्ची पडले. ते दोन तास अभ्यासक्रमात कोठे दाखवायचे हे मला आजही ठाऊक नाही.

आता त्या पत्राकडे वळतो. वीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत आणि साडेसहा टक्के व्याज धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे १४,९११ रुपये येतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला; ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी, बहुतांशी रेपोशीच, जोडलेली असल्याने तेच कर्ज नऊ टक्क्यांवर गेले. फळ्यावर मी हप्ता तोच ठेवला आणि पहिल्या महिन्याचे व्याज काढायला सांगितले. वीस लाखांवर नऊ टक्के म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार, महिन्याला पंधरा हजार. क्षणभर सारे गप्प झाले आणि मग कोणीतरी पुटपुटले, ‘सर, हप्त्यातून व्याजसुद्धा फिटत नाही.’ मुद्दल तसूभरही उतरत नाही, उलट पहिल्या महिन्यात सुमारे नव्वद रुपयांनी, आणि पुढे त्याहून अधिक, वाढत जाते. वीस वर्षांतच फेडायचे तर हप्ता १७,९९५ रुपये करावा लागतो. अशी गोष्ट खरोखरीच घडू लागल्याने १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी आणि हप्ता व्याजाहून कमी पडणार नाही हे पाहावे. तो आदेश ठाऊक असता तर त्या विद्यार्थ्याच्या घरी दोन दिवस चूल जड झाली नसती.

हेच गणित उलट बाजूनेही करून घ्यावे. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आला. थोरल्या मुलाच्या गृहकर्जाचा हप्ता हलका झाला म्हणून ज्या घरात समाधान झाले, त्याच घरातील आजीची दहा लाखांची मुदतठेव नव्या दराने पुन्हा ठेवायची वेळ आली, आणि व्याज एका टक्क्याने जरी उतरले तरी तिच्या औषधपाण्यातून वर्षाला दहा हजार रुपये गेले. रघुराम राजन गव्हर्नर असताना, महागाईच उतरली असेल तर कमी व्याजातही निवृत्तिवेतनधारकाला पूर्वीइतकेच डोसे घेता येतात, असे उदाहरणाने समजावीत असत. ते उदाहरण निर्दोष आहे. पण आजी डोशांवर जगत नाही, आणि तिच्या औषधांचे भाव निर्देशांकाच्या सरासरीने चालत नाहीत, हेही वर्गात कोणीतरी म्हटले पाहिजे. आमच्या वर्गात ते एका नातवाने म्हटले.

निर्णयानंतर चौदाव्या दिवशी समितीचे इतिवृत्त प्रसिद्ध होते आणि त्यात प्रत्येक सदस्याचे मत त्याच्या नावानिशी छापलेले असते. इतका मोलाचा दस्तऐवज विनामूल्य हाती येत असताना तो आपल्या वर्गात उघडलाही जाऊ नये, याची मला खंत वाटते. जून २०२४ मध्ये जयंत वर्मा आणि आशिमा गोयल या दोघांनी दर पाव टक्क्याने कमी करावा असे मत दिले, इतर चौघांनी तो कायम ठेवला. हातात तीच आकडेवारी असताना सहा विद्वान दोन पक्षांत कसे विभागले जातात, हे कळल्याशिवाय अर्थशास्त्र हा विचार करण्याचा विषय आहे यावर विद्यार्थ्याचा विश्वास बसत नाही. आम्ही तो बिस्किटांचा डबा इतिवृत्त प्रसिद्ध होते त्याच दिवशी उघडतो आणि आपल्या चिठ्ठीतले कारण कोणत्या सदस्याशी जुळते ते ज्याचे त्याने शोधावे, असा पायंडा पाडला आहे.

पैशाविषयीचे असे वाद आपल्याकडे नवे नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तो रुपयाचे सोन्याशी नाते कसे असावे या त्या काळच्या धगधगत्या वादातून. आणि तोच वाद घेऊन ते पुढे हिल्टन यंग आयोगापुढे साक्षीला उभे राहिले. भाववाढीतून व्यापारी वर्गाला जो लाभ होतो तो वेतनावर जगणाऱ्यांच्या पदरातून काढलेला असतो, हा त्यांच्या त्या काळच्या लिखाणातील मुद्दा मी थाळीच्या चर्चेनंतर वर्गात सांगितला तेव्हा शंभर वर्षांचे अंतर कोणाला जाणवलेही नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे आपल्याच महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, आणि ती बँक १९३७ पासून मुंबईत आहे. या साऱ्याचा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला अभिमान असतो, परंतु ती बँक कसा विचार करते हे त्याला ठाऊक नसते.

चालू घडामोडी वर्गात आणाव्यात असे म्हटले की दोन आक्षेप येतात. पहिला असा की, मुले आधीच त्या घडामोडी घोकीत असतात. ते खरे आहे, आणि दुःखाची गोष्ट तीच आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ‘चालू घडामोडी’ हा शब्दच आता एका ओळीच्या उत्तराचा झाला आहे, ज्यात सध्याचा रेपो दर ठाऊक असणे म्हणजे पतधोरण ठाऊक असणे असे समजले जाते. सव्वापाच हा आकडा दोन महिन्यांत शिळा होऊ शकतो. तो सव्वापाच का झाला हे मात्र शिळे होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई अवघ्या पाव टक्क्यावर आली होती, म्हणजे कायद्याने घालून दिलेल्या खालच्या मर्यादेच्याही कितीतरी खाली, हे कारण धरून जो विद्यार्थी युक्तिवाद करील त्याला आकडा विसरला तरी चालेल. दुसरा आक्षेप वर्गात राजकारण शिरण्याचा. संस्थाचालकांना ही धास्ती वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच मी एक दंडक पाळतो की, ज्याच्या मताला समितीच्या कागदपत्रांतला किंवा स्वतःच्या घरच्या हिशेबातला पुरावा नाही त्याने त्या तासापुरते ऐकावे. या एका दंडकाने आवाज आपोआप खाली येतो.

उत्तरपत्रिकेत मुद्दे मोजून गुण देण्याची पद्धत चालू राहील तोवर हे सारे एखाद्या हौशी शिक्षकाच्या मर्जीवर राहणार. विद्यापीठांनी आणि परीक्षा मंडळाने प्रत्यक्ष पतधोरणाचा एखादा उतारा, मराठीत नीट भाषांतरित करून, प्रश्नपत्रिकेत छापावा आणि विद्यार्थ्याला त्यावर आपला निवाडा मागावा, एवढी एकच तजवीज झाली तरी अध्यापन बदलेल, कारण आमच्याकडे अध्यापन परीक्षेच्या मागे चालते. तोवर प्राचार्यांना माझी एक छोटी विनंती आहे. नव्या आर्थिक वर्षातील सहा बैठकींच्या तारखा रिझर्व्ह बँक आगाऊ जाहीर करते, आणि महाविद्यालयाची शैक्षणिक दिनदर्शिका त्यानंतर, जूनच्या सुमारास छापायला जाते. त्या दिनदर्शिकेत या तारखांपैकी ज्या सत्रात येतील त्या नोंदवून घ्याव्यात, आणि त्या सकाळचा पहिला तास अर्थशास्त्राच्या शिक्षकाला द्यावा.