व्यवहारातील इंग्रजी : क्रियापदाचा भार

गेल्या अंकात आपण इंग्रजीतील नामांचा परिचय करून घेतला. आज क्रियापदाचा विचार करू. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला उपमाही तिथलीच सुचते. नाम म्हणजे खातेदार आणि क्रियापद म्हणजे त्याच्या खात्यावरील व्यवहार. खातेदाराचे नाव, पत्ता, सही सारे नोंदलेले असले, तरी व्यवहार झाल्याशिवाय पासबुकाचे पान कोरेच राहते.

मराठीत काही वेळा क्रियापदावाचूनही भागते. ‘हे माझे घर’ एवढे म्हटले तरी वाक्य पुरे होते. इंग्रजीत ‘धिस माय हाउस’ हे वाक्यच नव्हे; मध्ये ‘इज’ हवाच. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या बोलण्यातून हा ‘इज’ निसटतो, त्याचे मूळ आपल्या या सवयीत आहे.

दुसरा भेद रूपांचा. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबे खाल्ले’. खाणारा एकच, परंतु खाल्लेल्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे आपले क्रियापद बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘एट’ एवढेच. नियमित क्रियापदाची रूपे चारच असतात : वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. सर्वांत अधिक रूपे ‘बी’ या क्रियापदाची, तीही आठच : बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन.

मग इंग्रजी क्रियापद सोपे म्हणावे काय? तसे नाही. मराठीत जे काम पुष्कळदा प्रत्यय करतात, ते इंग्रजीने सहायक क्रियापदांवर सोपवले आहे. हॅव, डू, विल, शॅल, मे हे शब्द दिसायला लहान. पण काळ, निश्चय, शक्यता आणि बंधन यांचा सारा भार त्यांच्यावर असतो.

उदाहरण घेऊ. ‘काल मी पैसे भरले आहेत’ हे आपल्या बोलण्यात खपून जाते. त्याचे शब्दशः रूपांतर ‘यस्टरडे आय हॅव पेड’ मात्र चुकते. ‘हॅव पेड’ हे रूप झालेली कृती आजच्या स्थितीशी जोडते. ‘काल’ असा संपलेला काळ एकदा सांगितला, की साधे ‘पेड’ वापरावे. याउलट ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो’ हे सांगताना ‘आय ॲम लिव्हिंग’ म्हणू नये. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ असे म्हणावे. कारण वास्तव्य पूर्वी सुरू झाले आणि आजही चालू आहे. कालावधी सांगताना ‘फॉर’ आणि आरंभ सांगताना ‘सिन्स’, हेही येथेच लक्षात ठेवावे.

अशा चुकांनी फार तर परीक्षेतील गुण जातात. परंतु क्रियापदाची एक चूक माझ्या हातून अशी घडली, की तिची किंमत दुसऱ्याने मोजली.

मी तेव्हा एका लहान गावच्या शाखेत कर्जविभाग पाहत होतो. एका होतकरू दुकानदाराने पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागितले होते. ‘कागदपत्रे पूर्ण करा, मंजूर करू’ असे मी त्याला तोंडी सांगितले होते. आपल्याकडे ‘करू’ या शब्दात आश्वासन थोडे आणि धीर अधिक असतो. त्याने लेखी उत्तर मागितले, तेव्हा मी तेच मनातल्या मनात भाषांतरित करून ‘वी विल सँक्शन’ असे लिहून दिले. त्या पत्राच्या भरवशावर त्याने यंत्र विकणाऱ्याला दहा हजार रुपये इसार दिला. पुढे वरिष्ठ कार्यालयाने प्रस्ताव नाकारला आणि इसार बुडाला.

पत्र हातात घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. रागावला नाही. एका शब्दावर बोट ठेवून एवढेच म्हणाला, “साहेब, तुम्ही ‘विल’ लिहिलंय. मी मुलाकडून वाचून घेतलं होतं.”

मंजुरीचा अधिकार माझा नव्हता. तेव्हा ‘द बँक मे कन्सिडर’, म्हणजे बँक विचार करू शकेल, एवढेच लिहिणे माझ्या हाती होते. मी त्याची क्षमा मागितली. परंतु क्षमेने इसार परत येत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणतेही पत्र सही करण्यापूर्वी मी त्यातील क्रियापदे पेन्सिलीने अधोरेखित करून पुन्हा वाचत असे.

वाचकांनी हीच सवय आपल्या घरी लावून घ्यावी. कर्जाचा करारनामा उघडा. ‘द बॉरोअर शॅल’ असे जेथे असेल, तेथे कर्जदारावर बंधन आहे. ते काम त्याने केलेच पाहिजे. ‘द बँक मे’ असे जेथे असेल, तेथे बँकेला मुभा आहे. ती तसे करील किंवा करणार नाही. पुष्कळ करारनाम्यांत ‘शॅल’ आपल्या वाट्याला आणि ‘मे’ समोरच्याच्या वाट्याला अधिक आलेले आढळते. विम्याच्या कागदांतही हे दोन शब्द शोधावेत. अवघड नामांचा अर्थ शब्दकोशात सापडतो. सही करण्यापूर्वी आपण कशाला बांधले जात आहोत, हे मात्र क्रियापदच सांगते.

या महिन्याचा गृहपाठ : घरातील एखादा इंग्रजी करार किंवा सूचनापत्र घ्या. त्यातील ‘शॅल’, ‘विल’ आणि ‘मे’ मोजा आणि प्रत्येकाचा कर्ता कोण, ते समोर लिहा. मुलानातवंडांना सोबत बसवा. त्यांचे व्याकरण पक्के होईल आणि आपली सही सावध होईल.