सावली मोजा आणि मैदानात या

मे महिन्याची सुटी लागली की घराघरांतून दोन उलट सल्ले ऐकू येतात. आई म्हणते, "बाहेर जाऊ नकोस, ऊन लागेल." आजोबा म्हणतात, "आम्ही दिवसभर उन्हात हुंदडायचो, आम्हांला काय झाले?" आईचे ऐकले तर सुटीचा दीड महिना चार भिंतींत, पंख्याखाली आणि मोबाईलसमोर जातो. आजोबांचे ऐकले तर एखाद्या दुपारी दवाखाना गाठावा लागतो. विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते दोघांच्याही बोलण्यातून घड्याळ तेवढे राहून गेले आहे. उन्हाळ्यात बाहेर जायलाच हवे, पण ते केव्हा, याचे उत्तर प्रत्येकाला स्वतः काढता यायला हवे. त्यासाठी एक काठी आणि प्रयोगशाळेतले दोन तापमापक पुरतात.

आधी 'जायलाच हवे' याविषयी. मैदानी खेळाने भूक लागते, झोप लागते, दम वाढतो, हे तुम्ही शंभरदा ऐकले आहे. तेव्हा कमी ऐकलेली गोष्ट सांगतो, ती डोळ्यांची. वर्गात साधारणपणे ३०० ते ५०० लक्स एवढा उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीत तो काही हजार लक्स भरतो आणि भर दुपारी उघड्यावर एक लाखाच्या आसपास जातो. डोळा इतक्या चटकन जुळवून घेतो की हा प्रचंड फरक आपल्याला जाणवतच नाही. वाढत्या वयाच्या नेत्रगोलावर मात्र त्याचा परिणाम होतो. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामाइन हे द्रव्य अधिक स्रवते आणि ते नेत्रगोलाला प्रमाणाबाहेर लांबू देत नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. नेत्रगोल लांबला की दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते, फळ्यावरची अक्षरे अंधुक दिसतात आणि चष्मा लागतो. यालाच निकटदृष्टिता म्हणतात. चीनमधील ग्वांगझो शहरातल्या १२ शाळांत यावर तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटे जास्त बाहेर काढले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत तीन वर्षांत ३९.५ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, तर बाहेर खेळलेल्या मुलांत ३०.४ टक्क्यांना. ना गोळी, ना थेंब. फक्त ४० मिनिटांचा उजेड! त्यासाठी उन्हात भाजून घ्यायलाही नको, कारण झाडाखालचा उजेडसुद्धा खोलीतल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो.

आता उन्हाची बाजू. ती मुळीच किरकोळ नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर भर दुपारी एक मोठा समारंभ झाला आणि त्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. ही माणसे धावत नव्हती, की ओझी वाहत नव्हती. विदर्भातल्यासारखे ४५ अंश तापमानही तिथे नव्हते. मग असे का झाले असावे? याचे उत्तर शोधायला तुमच्या घरातल्या माठाकडे पाहा.

माठातले पाणी पाझरून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होते. आपली त्वचा हेच करते. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण 'वाळताना' हा शब्द महत्त्वाचा. नुसता ओघळून जमिनीवर पडलेला घाम काहीच गारवा देत नाही. नागपूरच्या माठातले पाणी दातांना कळ आणते आणि रत्नागिरीच्या माठातले जेमतेम गार होते; कारण कोकणातली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर विदर्भात चालतात आणि मुंबईत चालत नाहीत, तेही याच कारणाने.

हे मोजता येते. एका तापमापकाच्या फुग्यावर मलमलीची पट्टी गुंडाळा, पट्टीचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि त्याला वारा लागेल असे सावलीत टांगा. दुसरा तापमापक शेजारी कोरडाच ठेवा. समजा, नागपूरला कोरडा तापमापक ४४ अंश दाखवतो आहे आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. तर ओला तापमापक सुमारे २३ अंशांवर येऊन थांबेल. मुंबईला कोरडा ३४ अंशांवर आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ओला २८ अंशांच्या वर राहील. म्हणजे घाम वाळण्यापुरते बोलायचे तर मुंबईच नागपूरपेक्षा वाईट! ओला तापमापक ३५ अंशांवर गेला तर स्वस्थ बसलेल्या माणसालाही अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही, असा जुना हिशेब आहे. अलीकडच्या प्रयोगांत तर निरोगी तरुणांचीही ३१ अंशांच्या आसपासच तारांबळ उडाली. धावताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो, हे ध्यानात घेतले तर खेळणाऱ्याने याच्या पुष्कळ अलीकडे थांबावे हे उघड आहे. माझे स्वतःचे गणित असे : ओला २८ च्या वर गेला की पळापळीचे खेळ बंद.

यावरून नागपूरकरांनी मात्र निश्चिंत होऊ नये. तिथे घाम इतक्या झपाट्याने वाळतो की तो येतो आहे हेच कळत नाही. अंग कोरडे आणि शरीरातले पाणी मात्र चालले! शिवाय हवा त्वचेहून तापलेली असल्यामुळे वारा अंगाला उष्णता देऊनच जातो. म्हणून तिकडे डोक्याला पांढरे उपरणे गुंडाळतात, ती काही नुसती पद्धत नव्हे. मुंबईहून मामाच्या गावाला अकोल्याला गेलेल्या भाच्याने तर पहिला आठवडा बेतानेच खेळावे. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठही कमी जाते. आजोबांना काही झाले नाही याचे एक कारण हेच. ते सुटीच्या पहिल्या दिवशी थंड खोलीतून उठून उन्हात गेले नव्हते.

आता काठी. मैदानात सरळ उभे राहा आणि आपली सावली पाहा. ती तुमच्या उंचीएवढी असेल तेव्हा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की किरण वातावरणातून कमी अंतर कापून येऊ लागतात आणि त्यांतला अतिनील भाग झपाट्याने वाढतो. मग सावलीत जावे. पुण्यात मेच्या मध्यावर ही वेळ सकाळी सव्वानऊच्या सुमारास येते आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास सावली पुन्हा तुमच्याएवढी होते. पण पावणेचारला लगेच बॅट उचलू नका! सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास, तरी हवा सर्वांत जास्त तापते दोन-तीन तासांनी. तवा गॅस बारीक केल्यावरही काही वेळ तापलेलाच राहतो, तसेच जमिनीचे. म्हणून संध्याकाळी सावलीवर विसंबू नये, पाचची वाट पाहावी.

एक दिवस मात्र भर दुपारी पाच मिनिटे टोपी घालून बाहेर याच. कोल्हापूरला ६ मे, पुण्याला १३ मे, मुंबईला १५ मे आणि नागपूरला २६ मे या तारखांच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्लीच्या मुलांना हा चमत्कार त्यांच्या गावी कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. (सूर्याकडे पाहायचे नाही. पाहायचे ते काठीच्या बुडाकडे.)

तर सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाचपासून पुढे, एवढा वेळ आपल्या हाती राहतो. थोडा आहे का तो? साडेसहा तास होतात! पहाटे गावाबाहेर पायी निघा. बहावा पिवळ्या झुंबरांनी लवलेला असतो, करवंदीच्या जाळ्या पिकलेल्या असतात, कोकीळ तर झोपू देतच नाही. नऊनंतर हीच पाखरे कशी गप्प होतात ते पाहा. दुपारी खिडकीतून पाहिले तर कावळा चोच उघडी टाकून बसलेला दिसेल. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, तो तोंडावाटे पाण्याची वाफ करतो आहे. पाणवठ्याजवळ राहणाऱ्यांनी टिटवीवर लक्ष ठेवावे. ती पोटाची पिसे भिजवून आणते आणि उघड्यावरची अंडी गार ठेवते.

खेळांत मला लगोरी आणि विटीदांडू उन्हाळ्यासाठी फार शहाणपणाचे वाटतात. थोडे पळायचे, मग हुज्जत घालत उभे राहायचे. शरीराला निवायला वेळ मिळतो. वडाचे जुने झाड असेल तर सूरपारंब्यांसारखा खेळ नाही, कारण मैदानच सावलीत असते. क्रिकेटप्रेमींनी रागावू नये, पण अकरा वाजता सीमारेषेजवळ उभा केलेला क्षेत्ररक्षक खेळतो कमी आणि भाजतो जास्त.

पोहणे हा उन्हाळ्याचा राजा, आणि तितकाच बेभरवशाचा. बुडून होणारे मृत्यू हे जगभर शाळकरी वयातील मृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. मे महिन्यात विहिरीचे पाणी खाली गेलेले असते. गेल्या दिवाळीत जिथून उडी मारली तिथून आता मारली तर डोके खडकावर आपटेल. पाठीला सुका भोपळा किंवा बंद डबा बांधून, पट्टीच्या पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या देखत शिका. कोणी गटांगळ्या खाऊ लागला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, ओरडून माणसे गोळा करा आणि दोर, बांबू, रिकामा डबा, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाका.

रात्र तर आपण वायाच घालवतो. स्लॅबची गच्ची दिवसभराची उष्णता रात्री बाहेर टाकत असते, म्हणून तिच्यावर संध्याकाळीच पाणी मारून ठेवावे आणि नऊच्या सुमारास आडवे व्हावे. उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की तांबूस स्वाती आणि मग पांढरी चित्रा सापडते. दक्षिणेला डोंगर वा इमारत आड येत नसेल तर क्षितिजाजवळ चार ताऱ्यांचा त्रिशंकू दिसतो. महिन्याच्या अखेरीस सह्याद्रीत काजवे चमकू लागतात. ते पाहायला मोटारीचे दिवे लावून जाणारी मंडळी नेमके काय पाहतात, हे मला कळलेले नाही.

पाण्याची बाटली, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, ताक, पन्हे बरोबर असावेच. खेळताना पोटऱ्यांत गोळे आले, डोके दुखले, मळमळले की सावलीत बसून घोट घोट प्यावे आणि त्या दिवशी खेळ थांबवावा. पण गडी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजावा. एकाने १०८ ला दूरध्वनी करावा आणि बाकीच्यांनी त्याच वेळी त्याला सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगभर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंत गारवा देणे थांबवू नये.

शेवटी शिक्षकांशी दोन शब्द. शहरात आणि तालुक्याच्या गावी मुलांना सकाळी खेळायचे असते, पण जागा नसते. मोकळे मैदान असते ते शाळेचे, आणि सुटीत त्याच्या फाटकाला कुलूप असते. मग मुले रस्त्यावर खेळतात किंवा घरात बसतात. ज्यांच्या पालकांना परवडते ती पैसे भरून शिबिरांना जातात, बाकीच्यांनी काय करावे? सहा ते नऊ आणि पाच ते सात एवढाच वेळ फाटक उघडे ठेवायला इमारत उघडावी लागत नाही. पाण्याचा नळ चालू हवा आणि मोठे कोणीतरी तिथे हवे. माजी विद्यार्थी आणि पालक आळीपाळीने हे काम करू शकतील. फाटकाजवळच्या फळ्यावर कोरड्या-ओल्या तापमापकांची नोंद रोज एका विद्यार्थ्याने लिहावी आणि आकडा चढला की खेळ थांबवण्याचा अधिकारही त्यालाच द्यावा. विद्यार्थ्यांनी यासाठी सुटी लागण्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. अर्जात मैदानावर थांबायला तयार असलेल्या पालकांची नावे आणि त्यांचे वार लिहावेत. नुसत्या विनंतीपेक्षा अशा अर्जाचा विचार लवकर होतो.