बेगमी हवी, साठेबाजी नको

एप्रिल २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या घरातील आतल्या खोलीत प्राणवायूचा एक भरलेला सिलिंडर उभा होता. घरात कोणीही आजारी नव्हते. एका परिचिताकडून, बरीच खटपट करून, तो मी मिळवला होता आणि त्यावर जुनी चादर टाकून ठेवली होती. चादर कशासाठी, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर ‘धूळ बसू नये म्हणून’ असे उत्तर मी दिले असते. खरे उत्तर एवढेच, की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीस पडू नये अशी माझी इच्छा होती.

एका रात्री अकराच्या सुमारास मदतकार्यात असलेल्या एका तरुण कार्यकर्त्याचा दूरध्वनी आला. “काका, एका आजोबांना रात्रीपुरता सिलिंडर हवा आहे. तुमच्या ओळखीत कोणाकडे आहे का?” मी म्हणालो, “पाहतो, चौकशी करतो.” रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून तो सिलिंडर मी त्याच्या हवाली केला. तोवर त्या आजोबांना एका रुग्णालयात खाट मिळाली होती. हे माझे सुदैव. त्यात माझे पुण्य तिळमात्र नाही.

ही कबुली येथे देण्याचे कारण असे, की साठेबाजीविषयी आपण बोलू लागलो की आपल्या डोळ्यांसमोर गोदामात पोती दडवणारा कोणी एक व्यापारी उभा राहतो. त्याला शिव्याशाप देऊन आपण मोकळे होतो. त्या व्यापाऱ्यासाठी १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे, १९८० चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा आहे. तो पकडला जावा, त्याला कठोर शासन व्हावे, याविषयी दुमत नाही. परंतु सुशिक्षित, सुसंस्कृत, देवधर्म करणाऱ्या, समाजकार्याला वर्गणी देणाऱ्या घरांत जो साठा त्या काळात दडून बसला, त्याचे काय? त्या साठ्यावर धाड पडत नाही, म्हणून तो साठा नव्हता काय?

त्या दिवसांचे स्मरण करून पाहावे. १८ एप्रिल २०२१ रोजी एकट्या महाराष्ट्रात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. मेच्या पहिल्या आठवड्यात देशातील दैनंदिन रुग्णसंख्या चार लाखांच्या पुढे गेली. पहिल्या लाटेत देशाची वैद्यकीय प्राणवायूची मागणी दिवसाला सुमारे ३,१०० टनांपर्यंत चढली होती. दुसऱ्या लाटेत ती सुमारे ९,००० टनांवर पोहोचली. कळंबोलीहून रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले आणि तेथून द्रवरूप प्राणवायू नागपूर-नाशिकपर्यंत आणावा लागला. २१ एप्रिल रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण तडफडून गेले. ज्या आठवड्यात हे घडत होते, त्याच आठवड्यात माझ्या घरी चादरीखाली सिलिंडर उभा होता.

त्या सिलिंडरचा मला तरी काय उपयोग होणार होता? रुग्णालयात वापरतात त्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला पाच लिटर या गतीने तो एका रुग्णाला तेवीस तास पुरतो. घरगुती लहान सिलिंडर पाच तासांत संपतो. म्हणजे माझ्या घरात कोणी आजारी पडले असते तरी त्या लहान सिलिंडरने एक रात्रही निघाली नसती. पुढच्या सकाळी मला पुन्हा भरणा केंद्राच्या रांगेतच उभे राहावे लागले असते. सिलिंडरने प्राण वाचतात ते तो फिरता राहिला तर. रिकामा झाला, भरला, दुसऱ्याकडे गेला, पुन्हा रिकामा झाला, असे त्याचे चक्र चालू राहिले पाहिजे. त्या एप्रिलमध्ये प्राणवायू जितका अपुरा पडला तितकेच सिलिंडरही अपुरे पडले, आणि ‘असू द्यावा घरात एक’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या चक्रातून एक सिलिंडर काढून घेतला.

रेमडेसिविरची कथा तर याहून लाजिरवाणी आहे. हे औषध शिरेतून, रुग्णालयात, वैद्यांच्या देखरेखीखाली द्यावयाचे. त्याने मृत्यू टळतात असा भरवशाचा पुरावा आढळला नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते. ही जादूची कांडी नव्हे, असे आपल्याकडील तज्ज्ञ कानीकपाळी ओरडून सांगत होते. तरीही त्याच्या कुप्या घरच्या शीतकपाटात दुधाच्या पिशवीशेजारी ठेवण्यापर्यंत लोकांची मजल गेली. केंद्राला ११ एप्रिल रोजी निर्यातबंदी करावी लागली. राज्यात वितरण जिल्हा प्रशासनाच्या नियंत्रणाखाली आणावे लागले. बारामतीत रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉलचे द्रावण भरून विकणारी टोळी पकडली गेली. ती टोळी नराधमांची होती, यात शंका नाही. पण वाटेल ती किंमत देऊन, पावती न मागता, अंधारात कुपी विकत घेणारा ग्राहक नसता, तर त्या टोळीचा धंदा चालला असता काय?

येथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. “स्वतःच्या मुलाबाळांची, वृद्ध आईवडिलांची काळजी घेणे हा गुन्हा आहे काय? पैसा माझा, धावपळ माझी, मग दुसऱ्याला उत्तर देण्याचे मला कारण काय?” हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. त्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका उपनगरात एक हजार घरे आहेत आणि त्या आठवड्यात दुकानांत तुरीच्या डाळीच्या एक हजार पिशव्या आल्या आहेत. प्रत्येक घराने एक नेली तर कोणीही उपाशी राहत नाही. परंतु तीनशे घरांनी ‘काय सांगावे, उद्या मिळेल न मिळेल’ म्हणून तीन-तीन पिशव्या उचलल्या, तर नऊशे पिशव्या संपतात आणि उरलेल्या सातशे घरांच्या वाट्याला शंभर उरतात. डाळ कमी नव्हती. पुरवठाही थांबला नव्हता. टंचाई त्या तीनशे घरांनी निर्माण केली, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी फळी पाहून तीच तीनशे घरे म्हणाली, “पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?”

२४ मार्च २०२० च्या रात्री, टाळेबंदीची घोषणा होताच, हेच झाले. अंतर ठेवा असे सांगणाऱ्या घोषणेनंतर पाऊण तासात लोक किराण्याच्या दुकानांसमोर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. देशाच्या कोठारांत धान्य होते. त्याच धान्यातून पुढे सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत देता आले. प्रश्न धान्याचा नव्हता, धीराचा होता. सॅनिटायझरच्या २०० मिलीलिटर बाटलीला शंभर रुपयांची कमाल मर्यादा घालण्याची वेळ सरकारवर त्याच आठवड्यात आली होती.

या धावपळीत कोण मागे राहते, याचा विचार आपण करतो काय? आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणारी बाई पाव किलो साखर आणि दहा रुपयांचे तेल घेते. महिन्याचे वाणसामान एकदम भरण्याएवढा पैसा तिच्या गाठीला कधीच नसतो. आपण मोटार भरून सामान नेले त्या रात्री ती रांगेत नव्हती. ती दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या आणि उरलेल्या मालाचा भाव चढला होता. समाज एक आहे, समरस आहे, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. त्या समरसतेची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती वाण्याच्या दुकानात होते.

मग घरात काहीच ठेवू नये काय? असे मुळीच नाही. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत. तो शब्द म्हणजे बेगमी. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे वाळत पडत. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळले जाई. गव्हात कडुनिंबाचा पाला पडे. लोणच्याच्या बरण्यांची तोंडे दादऱ्यांनी बांधली जात. पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांसमोर ठेवून हे सारे होई. पण ते होई सुगीनंतर, माल मुबलक असताना, भाव उतरलेले असताना. शेजारणी एकमेकींकडे पापड लाटायला जात, म्हणून कोणाच्या घरी काय आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असे. अडल्यानडल्याला त्यातलेच वाटीभर दिले जाई.

बेगमी आणि साठेबाजी यांत भेद आहे तो हा. बेगमी सुकाळात होते, साठेबाजी टंचाईत. बेगमी उघड्या अंगणात वाळत घातली जाते, साठेबाजीवर चादर टाकावी लागते. वस्तू तीच असते.

आज शहरी घरात बेगमी उरलेली नाही. चार दिवसांचे सामान घरात असते आणि दहा मिनिटांत दारी येणाऱ्या मालावर आपला भरवसा असतो. असे घर संकटाच्या पहिल्याच रात्री भेदरून दुकानाकडे धाव घेते. सुकाळात निष्काळजी असलेले घरच दुष्काळात साठेबाज होते. दुसऱ्या लाटेची चाहूल फेब्रुवारी २०२१ मध्येच लागली होती. अमरावतीत त्या महिन्यात पुन्हा टाळेबंदी झाली होती. नंतरचे सहा-सात आठवडे आपण काय केले? लग्नांच्या पंगती उठवल्या, ‘गेला एकदाचा कोरोना’ म्हणून मुखपट्ट्या खुंटीला टांगल्या, आणि एप्रिल उजाडताच जे दिसेल ते विकत घेत सुटलो.

साथ परतून येते, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत आलेला इन्फ्लुएन्झा त्या मानाने सौम्य होता. सप्टेंबरपासून तो उलटला तेव्हा त्याने हाहाकार केला, आणि त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेल्याने धान्यही महाग झाले. त्याआधी १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ च्या आरंभी पुण्यात शिरलेला प्लेग वर्षानुवर्षे परतत राहिला. लोक गाव सोडून जात असताना लोकमान्य टिळक पुण्यात राहिले आणि त्यांनी प्लेगग्रस्तांसाठी रुग्णालय चालवले. सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. या दोघांची नावे आपण आदराने घेतो, त्यांच्या तसबिरींना हार घालतो. त्यांच्यासारखे प्राण पणाला लावण्याची मागणी कोणी आपल्याकडे केलेली नाही. तिसरी पिशवी फळीवर राहू द्या, एवढेच मागणे आहे.

“हे सारे सरकारचे काम,” असे म्हणून हात झटकणारे एक दुसरे मंडळ आहे. प्राणवायूची सोय वेळेत का झाली नाही, खाटा का नव्हत्या, हे प्रश्न केंद्राला विचारावेत, राज्याला विचारावेत, महापालिकेला तर विचारावेतच. शासनाला जाब विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. पण दूरचित्रवाणीसमोर बसून शासनाला दूषणे द्यावयाची आणि त्याच वेळी आतल्या खोलीतील सिलिंडरवरची चादर नीट करावयाची, या दांभिकपणाला कर्तव्य म्हणत नाहीत.

तेव्हा करावयाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू संपल्याचे नव्हे. मे-जून २०२५ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा काहीशी वाढलेली आपण पाहिली. उद्याची साथ कोरोनाची असेल वा आणखी कशाची. बेगमीचा काळ आजचा आहे. घरात एक तापमापक, एक ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल आणि जलसंजीवनीची पाकिटे असावीत. वृद्धांची मधुमेहाची व रक्तदाबाची नित्याची औषधे महिनाभर पुरतील इतकी असावीत. पंधरा दिवसांचा शिधा असावा, आणि तो वापरत, भरत राहावा. प्रतिजैविके किंवा इंजेक्शने वैद्याच्या चिठ्ठीवाचून कदापि आणू नयेत. ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली गेला तर विलंब न लावता वैद्याला गाठावे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. ज्ञान ही एकच अशी बेगमी आहे, की जी कितीही केली तरी दुसऱ्याला तुटवडा पडत नाही.

महाग उपकरणे मात्र घराची नसावीत, वस्तीची असावीत. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे यंत्र प्रत्येक घरी कशाला? इमारतीने, चाळीने, मंडळाने मिळून एक घ्यावे, त्याची नोंदवही ठेवावी, दर महिन्यास ते चालवून पाहावे. एकटे राहणारे वृद्ध कोण, कोणाची मुले परदेशी आहेत, कोणाचे हातावर पोट आहे, याची यादी संकटाआधी तयार असावी. आपल्या घरी राबणाऱ्या बाईच्या घरचा पंधरा दिवसांचा शिधा हा आपल्याच बेगमीचा भाग समजावा. आणि भ्रमणध्वनीवर आलेला मदतीचा क्रमांक स्वतः लावून पाहिल्यावाचून पुढे धाडू नये. त्या एप्रिलमध्ये बंद पडलेल्या क्रमांकांवर रुग्णांच्या नातेवाइकांचे तासच्या तास वाया गेले आहेत.

तो तरुण कार्यकर्ता आजही भेटतो. माझ्याकडे सिलिंडर असूनही मी त्या रात्री ‘चौकशी करतो’ म्हणालो, हे त्याला पुरते ठाऊक आहे. तो कधी बोलला नाही. पुढच्या खेपेस, तो दूरध्वनी आला, तर उत्तर काय द्यावयाचे हे मी ठरवून ठेवले आहे. वाचकांनीही आपापले उत्तर आजच, निवांतपणी, घरच्यांना समोर बसवून ठरवावे.